जांभळं गोड कणीस करायचंय? आधी एक दाणा रात्रभर भिजत घाला

कोल्हापुरात रंकाळ्यावर भाजलेलं कणीस घेतलं की कधीतरी पिवळ्या दाण्यांत मधूनच एखादा जांभळट दाणा दिसतो आणि लोक तो खराब समजून नखानं उकरून टाकतात. खराब नसतोय तो, त्याचा बाप वेगळा आहे एवढंच. मक्याच्या कणसावर दाण्याला एक असा केस असतो, त्या केसावर ज्या तुऱ्याचा, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरच्या नर फुलांचा, पराग पडेल तो त्या दाण्याचा बाप, म्हणजे एका कणसावर चारशे दाणे असले तर ती एका आईची चारशे वेगवेगळी पोरं, आणि भारी गोष्ट अशी की त्यातल्या बऱ्याच पोरांचे गुण आपल्याला पेरायच्या आधीच, कणसावरच डोळ्यानं दिसतात. आंब्याची कोय लावून फळ बघायला किती वर्षं थांबायला लागतंय ते आठवा, म्हणजे मक्यावर ब्रीडिंग, म्हणजे नवीन वाण तयार करणं, शिकणं किती सोपं आहे ते कळेल.

मी करवीर तालुक्यात उसाच्या कडेला दोन गुंठ्यात हा उद्योग करतोय, जांभळा आणि गोड असा दोन्ही गुणांचा मका पाहिजे म्हणून. सारखं कुणी ना कुणी विचारतंय कसं करायचं, म्हणून सगळं एकदाच लिहितो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात पहिलं काम, रंग कुठल्या थरात आहे ते बघायचं. हे न बघता क्रॉस केला, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्यावर टाकला, तर अख्खं वर्ष वाया जातंय, माझं गेलंय. रंगीत मक्याचा एक दाणा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी नखानं वरची पातळ साल सोलून काढा, ती पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उरलेला दाणा ब्लेडनं उभा चिरा. सालीलाच लाल किंवा जांभळा रंग असेल आणि आतला दाणा पिवळा-पांढरा निघाला तर रंग सालीत. साल बिनरंगाची निघाली आणि तिच्या खाली गडद रंगाचा अगदी कागदासारखा पातळ थर दिसला तर तो अल्युरोन. आणि रंग चिरल्यावर आत पिठापर्यंत पिवळा गेलेला असेल तर तो एंडोस्पर्मचा, म्हणजे आतल्या पिठाचा, नेहमीच्या पिवळ्या मक्याचा रंग.

ह्याचा एवढा बाऊ का, तर साल ही आईची असते. कणसाच्या झाडाचंच ते कातडं, बाप कोण का असेना, सालीचा रंग आईच्या जीनवर ठरणार आणि अख्ख्या कणसावर सगळे दाणे सारखे दिसणार. अल्युरोन आणि एंडोस्पर्म मात्र आईबाप दोघांचं मिळून तयार होतंय, त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक, म्हणून त्यांचा रंग परागीकरण झालं त्याच कणसावर दिसतो. मी पहिल्यांदा ज्या रंगीत मक्याचा पराग गोड मक्यावर टाकला त्याचा रंग सालीत होता, मी आपला महिनाभर कणीस सोलून सोलून बघतोय आणि सगळे दाणे पिवळेधम्मक, म्हटलं क्रॉसच लागला नाही, आणि सगळं कणीस म्हशीला घातलं. क्रॉस लागला होता हो, रंग पुढच्या पिढीत दिसला असता. म्हशीनं खाल्लं माझं संशोधन.

आता पिवळा-पांढरा हा सगळ्यात सोपा हिशोब. वाय-वन नावाचा जीन आहे, तो चालू असेल तर एंडोस्पर्ममध्ये कॅरोटिन गटातले रंग तयार होतात आणि दाणा पिवळा, दोन्हीकडून बंद मिळाला तर पांढरा. पिवळा वरचढ. पांढऱ्या आईवर पिवळ्याचा पराग टाकला तर दाणा पिवळाच होतो पण फिकट, कारण तीन वाट्यांत पिवळ्याचा एकच वाटा, आणि उलटं केलं तर दोन वाटे म्हणून जरा गडद. हे दोन्ही दाणे शेजारी ठेवून बघा एकदा, पुस्तकातलं सगळं विसराल पण हे विसरणार नाही. ते दुरंगी स्वीट कॉर्न मिळतंय ना, पिवळे आणि पांढरे दाणे मिसळलेलं, ते म्हणजे पिवळ्या-पांढऱ्याच्या हायब्रीड झाडांवरचं कणीस, चार दाण्यांत साधारण तीन पिवळे एक पांढरा. शाळेत मेंडेलचे वाटाणे घोकले त्यापेक्षा एक असलं कणीस वर्गात फिरवलं असतं तर काम झालं असतं.

जांभळ्याचं एवढं सरळ नाही. अल्युरोनमध्ये जांभळा रंग यायला बरेच जीन एकाच वेळी चालू लागतात, त्यातले महत्त्वाचे म्हणजे ए-वन, ए-टू, सी-वन, सी-टू, आर-वन, बीझेड-वन. गुऱ्हाळासारखं समजा, घाणा आहे, काहील आहे, चुलवाण आहे, गुळव्या आहे, ह्यातलं एक जरी नसलं तरी गूळ नाही. म्हणजे जांभळ्या दाण्यात हे सगळे चालू आहेत हे नक्की, पण पिवळ्या दाण्यात कुठला बंद आहे ते नुसतं बघून कळत नाही. पीआर-वन म्हणून अजून एक आहे, तो बंद असला तर जांभळ्याऐवजी लाल रंग येतो. आणि सी-वनचाच एक खोडसाळ भाऊ आहे तो रंग दाबून टाकतो, एकच वाटा असला तरी. जांभळ्या मक्याशी क्रॉस करून सुद्धा एकाही दाण्याला रंग आला नाही आणि रंग अल्युरोनमधलाच होता हे तुम्ही तपासलेलं असेल, तर तुमच्या गोड मक्यात हा दाबणारा बसलाय असं समजा आणि गोड मक्याचं वाण बदला, त्याच्याशी भांडत बसू नका.

काही दाण्यांवर ठिपके, रेघा दिसतात त्याला रोग समजू नका. ते उड्या मारणाऱ्या जीनचं काम असतं, तो रंगाच्या जीनमध्ये घुसून रंग बंद पाडतो आणि दाणा वाढताना एखाद्या पेशीत तिथून निघाला की तेवढ्यापुरता रंग परत येतो. बार्बरा मॅकक्लिंटॉक बाईंनी हे मक्याच्या दाण्यांवरूनच ओळखलं आणि त्यांना 1983 साली नोबेल मिळालं, तोवर कितीतरी वर्षं लोकांनी मनावरच घेतलं नव्हतं.

आता गोडीकडे. इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतोय कारण दुकानात सगळंच स्वीट कॉर्न म्हणून मिळतंय. साधा मका दाणा भरताना साखरेचं स्टार्च करतो. गोड मक्यात ह्या लाईनीत कुठंतरी एक जीन बंद असतो. जुना गोड मका एसयू-वनचा, त्यात स्टार्च नीट बांधलं जात नाही आणि एक चिकट मलईदार पदार्थ तयार होतो, म्हणून चव दुधाळ, पण तोडल्यावर साखर पटापट उतरते. सुपर स्वीट म्हणतात तो एसएच-टूचा, त्यात स्टार्च बनवायची सुरुवातच लंगडी पडते म्हणून साखर साठते, गोडी जास्त आणि तोडल्यावर टिकते पण जास्त वेळ. दोन्हीत गोडपणा दबून राहणारा गुण आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून बंद जीन आला तरच दाणा गोड. आणि सगळ्यात वाईट भाग, एसयू आणि एसएच-टू एकमेकांत मिसळले तर दोघंही एकमेकांची उणीव भरून काढतात आणि दोन गोड मक्यांपासून सगळेच्या सगळे दाणे साधे, पिठूळ होतात. माझ्या ओळखीच्या एकानं दोन वेगळ्या पाकिटांतलं बी शेजारी शेजारी लावलं आणि दुकानदाराला बोगस बी दिलं म्हणून भांडून आला, बी चांगलंच होतं बिचारं.

ओळखायचं कसं? वाळलेला दाणा उजेडाला धरा. सुरकुतलेला आणि काचेसारखा थोडा आरपार दिसला तर एसयू. आत दबलेला, चेपलेल्या डब्यासारखा, अपारदर्शक आणि हातात एकदम हलका लागला तर एसएच-टू. साधा मका गुळगुळीत भरलेला. बियाला गुलाबी औषध लावलेलं असतंय त्यामुळं पटकन दिसत नाही, दोन दाणे हातमोजे घालून धुऊन बघा आणि ते पोराबाळांच्या हाताला लागू देऊ नका. एसई म्हणून तिसरा एक प्रकार आहे, तो एसयूच्या जोडीनंच काम करतो आणि दाणा बघून ओळखायला अवघड आहे, नवीन माणसानं त्याच्या नादी लागू नये.

ऊसवाल्या लोकांना वाटणार ब्रिक्स मीटर आहे की घरात, एक थेंब टाकला की गोडी कळली. उसाला चालतंय, मक्याला फसवतंय. एसयूमधला तो मलईदार पदार्थ पाण्यात विरघळतो आणि मीटर वर जातो, साखर नसताना. मक्याला जीभच वापरा.

आता मूळ मुद्दा, जांभळा आणि गोड एकत्र का येत नाही लवकर. ए-वन आणि एसएच-टू हे दोन्ही जीन तिसऱ्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) अगदी चिकटून बसलेत, हजारात एखाद्या वेळीच त्यांची ताटातूट होते. सुपर स्वीट मक्यात बऱ्याचदा बंद एसएच-टू सोबत ए-वन पण बंद असतो, म्हणजे गोडी घेतली की बिनरंगीपणा गळ्यात पडतोच. गंमत म्हणजे सुपर स्वीटचा शोधच ह्या शेजारामुळं लागला, इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन ह्याच भागाचा अभ्यास करत होते, चेपलेला दाणा त्यांना नुसता खूण म्हणून उपयोगी होता, पण तो गोड आहे हे त्यांनी हेरलं आणि 1953 मध्ये छापलं.

म्हणून सोपा रस्ता पाहिजे असेल तर एसयूचं बी मिळवा, एसयू-वन चौथ्या क्रोमोसोमवर आहे, ए-वनशी त्याचा काही संबंध नाही. पण आपल्याकडं दुकानात जास्त करून सुपर स्वीटच मिळतंय, त्यामुळं मी अवघड रस्त्यानं गेलो, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही, ते खाली सांगतो.

पेरणी कधी? पावसाळ्यात करू नका. 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा माझा पहिला प्लॉट लेबलांसकट गेला, आणि पूर नसला तरी सततच्या पावसात पराग भिजून जातोय. शिवाय सुपर स्वीटच्या बियात खाऊ कमी असतो, कोंब दमाचा नसतो, गार चिखलात कुजून जातो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरा, दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल नको. साठ बाय पंचवीसवर लावलं तर एका गुंठ्यात साडेसहाशेच्या आसपास झाडं बसतात, क्रॉससाठी एवढी लागत पण नाहीत. जांभळा आणि गोड एकाच दिवशी फुलत नाहीत म्हणून जांभळा तीन टप्प्यात आठ-आठ दिवसांनी पेरा, एक तरी टप्पा जुळतो. लष्करी अळीवर पहिल्यापासून लक्ष ठेवा, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, घुसली की तुराच खाते, मग पराग कुठला.

आणि शेजारी. आपल्याकडं गायी-म्हशींमुळं जिकडं तिकडं मुरघासाचा (हिरवा कापून, मुरवून जनावरांना घालायचा) मका, आणि तो चिकात कापतात म्हणजे तुरा येऊन पराग उडून गेल्यावरच. दोन-अडीचशे मीटर लांब कुणाचा मका नाही अशी जागा आमच्या भागात शोधून दाखवा. मी शेजारच्या आण्णांना म्हटलं होतं, "आण्णा, औंदा जरा पंधरा-वीस दिवस मागं पेरता का?" तर म्हणाले, "म्हशीला सांग बाबा तूच, माझं कुठं ऐकतीया." त्यामुळं पिशव्या बांधणं हाच उपाय.

पिशवी बांधायचं असं. पानाच्या बगलेतून कणसाचा कोंब दिसला की केस बाहेर यायच्या आधीच त्याला बटर पेपरची लहान पिशवी टोपीसारखी घाला. इथं एक दिवसाचा आळस पण चालत नाही, केस एकदा बाहेर आले की आण्णांच्या म्हशीचा मका आत आलाच म्हणून समजा. रोज पिशवी उचलून बघा, केस दिसले की संध्याकाळी कणसाचं टोक केसांसकट दोनेक सेंटीमीटर कापा आणि परत झाका, सकाळपर्यंत दाढीच्या ब्रशसारखे एकसारखे केस येतात. त्याच संध्याकाळी बापाच्या तुऱ्याला मोठी खाकी पिशवी घालून तळाशी घट्ट दुमडून यू-पिन लावा, त्यानं बाहेरचा जो पराग तुऱ्यावर बसलाय तो रात्रीत मरतो. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दव वाळल्यावर, तुरा हळू वाकवून पिशवीवर टिचक्या मारा, पिशवीत पिवळी पावडर जमते, त्यातले पुंकेसर झटकून टाका, कणसाची टोपी काढून पावडर केसांवर ओता आणि तीच खाकी पिशवी कणसावर चढवून झाडाच्या ताटाभोवती स्टेपल करा. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला पाहिजे. पिशवीवर पेन्सिलनं लिहा, आई आधी, बाप नंतर, तारीख. पेनानं लिहू नका, दवानं शाई पसरती आणि मग एफ-वन, म्हणजे क्रॉसची पहिली पिढी, कुठलं आणि सेल्फ, म्हणजे स्वतःचाच पराग दिलेलं, कुठलं कळत नाही.

आई कुणाला करायचं? मी गोड मक्याला आई करतो, कारण मग कणसावरच हिशोब कळतो. गुळगुळीत जांभळा दाणा म्हणजे तुमचा क्रॉस. चेपलेला पिवळा म्हणजे चुकून स्वतःचाच पराग पडला. गुळगुळीत पिवळा म्हणजे आण्णा. एक आहे, आर-वनचा जीन बापाकडून आला तर दाण्यावर पूर्ण रंग येत नाही, चट्टे येतात, आणि तोच जीन आईकडून आला तर दाणा पूर्ण रंगतो, त्यामुळं चट्ट्यापट्ट्याचे दाणे बघून घाबरू नका, तेच पाहिजेत.

पुढच्या हंगामात हे एफ-वन दाणे लावा, पंधरा-वीस झाडं भरपूर झाली, आणि प्रत्येकाला स्वतःचाच पराग द्या, म्हणजे सेल्फ. ह्या कणसांवर खरा खेळ आहे. कणीस पूर्ण वाळल्यावर चेपलेले दाणे वेगळे करा, ते साधारण चारात एक. आता फक्त ह्या चेपलेल्या दाण्यांचा रंग बघा. त्यात चारात तीन जांभळे असले तर नशीबवान आहात, तुमच्या गोड मक्यात ए-वन चालूच होता, सी-वन किंवा आर-वनसारखं दुसरं काहीतरी एक बंद होतं आणि तुमचं निम्मं काम झालं. निम्म्याच्या जरा वर जांभळे आले, सोळात नऊ असे, तर दोन जीन बंद होते, तरी काही हरकत नाही. पण चेपलेले जवळजवळ सगळेच बिनरंगाचे निघाले तर ती ए-वनची चिकटलेली जोडी.

तरी सोडू नका. चारशे दाण्यांची दहा कणसं धरा, चार हजार दाणे, त्यात हजारभर चेपलेले, आणि बाकीचे जीन साथ देत असतील तर त्या हजारात एक-दोन दाणे जांभळे आणि चेपलेले मिळायला पाहिजेत. स्टीलच्या परातीत दाणे ओता, उन्हात बसा, घरच्यांना पण बसवा, तांदूळ निवडतो तसंच काम आहे हे. आमच्या आईनं पहिला दाणा शोधला, मी दोनदा त्याच्यावरून हात फिरवून गेलो होतो. चेपलेला, सुरकुतलेला, काळ्या मनुकेसारखा दिसत होता.

असा दाणा शेतात नको, कुंडीत लावा, माती गरम असताना, आणि पाणी जपून. आलेल्या झाडाला सेल्फ करा. कणसावरचे सगळे दाणे चेपलेले असणार हे नक्की, कारण गोडी दबून राहणारा गुण, एकदा दिसला की पक्का. रंग मात्र चारात तीनच दाण्यांना असेल, कारण तुटलेली जोडी बहुतेक एकाच बाजूनं आलेली असते. त्यातले जांभळे परत लावा, परत सेल्फ, ज्या कणसावर शंभर टक्के दाणे जांभळे आले ते वाण पक्कं. मात्र सारखं सेल्फ करत राहिलं की मका खुरटतो, बुटका होतो, कणसं लहान राहतात, म्हणून पक्कं झालं की तशाच दोन-तीन वेगळ्या ओळी एकमेकांत क्रॉस करून दम परत आणायचा, आणि पुढं बी राखताना शंभराच्या खाली झाडं ठेवायची नाहीत.

खायची कणसं परागीकरणापासून विसाव्या-बावीसाव्या दिवशी तोडा, तेव्हा रंग पूर्ण चढलेला नसतो, काही दाणे अर्धेच रंगलेले दिसतात, ते तसंच असतंय. उकडू नका, जांभळा रंग पाण्यात उतरतो आणि भांडं वांग्याच्या रंगाचं होतंय, निखाऱ्यावर भाजा नाहीतर वाफवा. बियाची कणसं मात्र झाडावरच वाळू द्या, दाणा सोलल्यावर बुडाशी काळा ठिपका दिसला की तो पिकला, मग साली मागं ओढून त्यांनीच एकमेकांना बांधून पडवीत टांगा, उंदराचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर.